वाळवंटात दोघांचीच जीप

अहो,

दहाव्याला घाटावर माईकवरून तुमच्याबद्दल जे काय बोलले, ते ऐकताना मला दोनदा हसू आलं. पदराआड हसले, म्हणून शेजारच्या बायकांना वाटलं हुंदका आला. एकीनं पाठीवरून हातसुद्धा फिरवला. एका पुढाऱ्यानं तुम्हाला 'दळणवळण क्षेत्रातलं मोठं नाव' म्हटलं. दुसरा म्हणाला, 'आप्पांनी उभं आयुष्य समाजासाठी वेचलं.' अहो, तुम्ही शिरूर ते चौफुला वडाप मारत होतात! जीप भरली की निघायची, नाही भरली की 'पाच मिनिटांत निघाली, पाच मिनिटांत निघाली' म्हणत तासभर जागची हलायची नाही. भाषणं लांबली तेव्हा वाटलं, आता तुम्ही उठून ओरडणार, 'आवरा की राव, माणसं उन्हात बसल्यात.'

बायकांनी घाटावर बोलायची आपल्यात पद्धत नाही. मी मात्र अंगणवाडीत जन्म घालवला, मला लिहायची सवय आहे. तुमचा जन्म, तुमचं गाव, तुमचं घराणं हे सगळं माईकवाल्यांनी सांगून झालंय. मी आपलं भांडण पुढं चालू ठेवते. तुम्ही गेलात म्हणून ते मिटलं असं समजू नका.

भांडण एकच होतं, जन्मभराचं. तुमच्या जीपमध्ये मला कधी नीट बसायला जागा मिळाली नाही.

सुरुवात लग्नाच्या दिवशीच झाली. पारगावला अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि निघायच्या वेळी तुम्ही मुंडावळ्या मागं सारून स्वतःच स्टेअरिंगवर बसलात. माझे मामा म्हणाले, 'अवो, नवरदेवानं गाडी चालवायची नसती.' तुम्ही म्हणालात, 'दुसऱ्याच्या हातात गाडी देत न्हाई मी.' बरं, तेही चाललं असतं. पण नदीच्या पुलाजवळ एक म्हातारा-म्हातारी कांद्याचं अर्धं पोतं घेऊन उभे होते, आणि तुमचा पाय ब्रेकवर गेला. शालू नेसलेली मी, डोक्याला बाशिंग, आणि पायाखाली कांदे. म्हाताऱ्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि तुम्हाला विचारलं, 'नवरी कुठं उतरणार?'

'न्हावऱ्याला,' तुम्ही गियर टाकत म्हणालात.

'मग आमच्या आधीच उतरती की,' म्हातारा म्हातारीला म्हणाला आणि निवांत झाला.

तुम्ही ही गोष्ट जन्मभर हसत सांगितलीत. मला हसायला दहा-बारा वर्षं लागली.

तुमचा एक नियम होता. घरचं माणूस शेवटी बसतं. पाव्हणा आधी, म्हातारं आधी, लेकुरवाळी आधी, आणि मग उरलं तर घरचं. उरायचं काय? मी चाकावरच्या पत्र्यावर बसले, स्टेपनीवर बसले, दुधाच्या पालथ्या कॅनवर बसले. ड्रायव्हरशेजारची पुढची शीट तर मी लांबूनच बघितली. तिथं एकावर एक चार माणसं, आणि तुम्ही स्वतः निम्मे दाराबाहेर. एकदा न्हावऱ्याच्या चौकात मी चांगली खिडकीशी बसले होते, तर कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला निघालेली पोरं धावत आली. तुम्ही मला म्हणालात, 'सीमाची आई, तू उतर, मागच्या गाडीनं ये. ह्यांचं पंचिंग चुकंल.' मागची गाडी तुमच्या दोस्ताची. त्यानंही मला अगदी शेवटी कोंबलं. का, तर वहिनी घरच्याच.

तुमचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. एक कोकरू मागं राहिलं तर त्यांच्या घशाखाली भाकरी उतरायची नाही, असं तुमची आई सांगायची. तुमच्या वेळेपर्यंत मेंढरं गेली, पण खोड राहिली. रस्त्यानं एकटं माणूस चालताना दिसलं की तुम्हाला राहवायचंच नाही. पैसे देईल न देईल, ओळखीचं असेल नसेल. मी म्हणायचे, 'अहो, बघून न बघितल्यासारखं करा कधी तरी.' तुम्ही म्हणायचात, 'बघितलं तर बघितलं की गं, आता काय डोळं काढून ठिवू?'

मग घरोघरी टू-व्हीलर आल्या. शिटा कमी झाल्या, तुमचे गुडघे बोलायला लागले, आणि जीप दारातल्या लिंबाखाली उभी राहिली. मी पण अंगणवाडीतून रिटायर झाले. आपली सीमा कुरकुंभला कंपनीच्या लॅबमध्ये चांगली स्थिरावलेली. ती म्हणाली, 'आई, तुला जन्मात एकदा काय बघायचंय ते सांग, मी पाठवते.' मी म्हटलं, 'वाळवंट.'

सगळ्यांना वाटलं, अंगणवाडीच्या भिंतीवर मी जो उंट काढला होता, त्याच्यामुळं. पोरं विचारायची ना, 'बाई, उंट कुठं ऱ्हातो?' मी सांगायचे वाळवंटात, आणि पोरं विचारायची, 'तुम्ही बघितलं का?' तेही होतंच. पण खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. मला असं ठिकाण पाहिजे होतं, जिथं रस्त्याला माणूसच उभं नसतं. जिथं तुम्हाला कुणी हात करणार नाही. एक दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एका जीपमध्ये तुम्ही आणि मी. बस. एवढ्यासाठी मी राजस्थान धरलं.

आणि अट घातली. जीपमध्ये तिसरं माणूस बसणार नाही. तुम्ही हसलात, म्हणालात, 'वाळवंटात कोण भेटतंय बाई?' मी म्हटलं, 'तरी शब्द द्या.' तेव्हा तुम्ही देव्हाऱ्यातला भंडारा कपाळाला लावून शब्द दिलात. भंडारा उचलला की तुम्ही शब्द मोडत नाही, हे मला माहीत होतं. जीव भांड्यात पडला माझा.

दौंडला रेल्वेत बसलो. गाडीत तुम्ही सरकून सरकून एका बाकावर सहा जण बसवलेत, ते मी सोडून दिलं. अट जीपची होती.

जैसलमेरच्या लॉजसमोर सकाळी उघडी जीप येऊन उभी राहिली. ड्रायव्हर तोच गाइड, जेठाराम. डोक्याला लाल फेटा, कानात बाळ्या, डोळ्याला गॉगल. त्यानं पुढचं दार उघडलं आणि म्हणाला, 'मॅडमजी आगे बैठेंगी?' मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खांद्यावरचा पंचा झटकून शीट पुसलीत आणि म्हणालात, 'बसा.' मला जन्मात पहिल्यांदा 'बसा' म्हणालात! मी बसले. तुम्ही मागच्या लांब बाकावर एकटे. एवढ्या मोठ्या बाकावर काय करायचं ते तुम्हाला कळेना. आधी मधोमध बसलात, मग सवयीनं कडेला सरकलात.

पहिला तासभर बरा गेला. तुम्ही मागून उंटावरून शेळ्या हाकत होतात. 'भैया, थर्ड डालो ना, सेकंड में कायको ताणताय?' जेठाराम बिचारा 'हाँ बाबूजी, हाँ बाबूजी' करत आपलं तेच करत होता. वाळवंट म्हणजे सगळी वाळूच असं नसतं, हे मला तिथं कळलं. निम्मं तर आपल्या कुरकुंभच्या माळासारखं. दगडगोटे, रुईची झुडपं, खुरटी बोर. एका झाडाखाली जेठारामनं गाडी थांबवली आणि म्हणाला, ही खेजडी, आमच्याकडं हिला देव मानतात. तुम्ही पाला चुरगळून बघितलात आणि म्हणालात, 'आरं, हे तर सौंदड. दसऱ्याला पुजतो ती.' मी म्हटलं, 'काहीतरीच, बाभूळ आहे ती.' त्यावरून आपण दोन मैल भांडलो. घरी आल्यावर मी सीमाला मोबाइलवर बघायला लावलं होतं. सौंदडच निघाली. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही मी. आज सांगते, तुमचं बरोबर होतं.

झाडाचं भांडण संपलं आणि मग काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. बोलणंच संपलं.

मी म्हटलं, 'बोला की काहीतरी.'

'काय बोलू?'

'आता मलाच विचारा. इतकी वर्षं म्हणत होतात ना, गर्दीत बायकोशी बोलता येत न्हाई?'

'हवा चांगली हाय,' तुम्ही म्हणालात.

'हं. चांगली हाय.'

जेठारामनं एक ओस पडलेलं गाव दाखवलं, नुसत्या भिंती. कुण्या राजाच्या दगडी छत्र्या दाखवल्या. मी 'अय्या' म्हणत होते, तुम्ही 'लई भारी' म्हणत होतात, आणि ते दोन्ही जेठारामसाठी होतं. ज्या दिवसाची मी लग्नापासून वाट बघितली तो दिवस आला होता, नवरा मागं बसला होता, मध्ये कुणी नव्हतं, आणि आपल्याला एकमेकांशी बोलायला वाक्य सापडत नव्हतं. लाज वाटली मला. वाटलं, एवढा संसार केला, लेक वाढवली, सासू-सासरे सांभाळले, आणि या माणसाची माझी ओळखच झाली नाही की काय?

माझ्या बाजूच्या आरशात तुम्ही दिसत होतात. रस्त्याच्या कडेनं एक माणूस सायकल ढकलत चालला होता. आरशात मी बघितलं, तुमचा हात जीपच्या पत्र्याकडं गेला. वडापची भाषा ती. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हात पत्र्यापर्यंत गेला आणि तुम्ही तो मागं घेऊन मांडीखाली दाबून ठेवलात. शाळेतलं पोर बसतं तसे बसलात. सायकलवाला मागं पडला. पुढं पाण्याचे हंडे घेतलेल्या दोघी दिसल्या, तेव्हा तुम्ही दुसरीकडं तोंड केलंत.

वाळवंटात माणसं नसतात हे मला कोणी सांगितलं होतं? भिंतीवरच्या उंटानं?

दुपारी एका झोपडीत जेवायला थांबलो. बाजरीची भाकरी, तूप, लसणाची चटणी. तुमच्या आवडीचं सगळं. तुम्ही अर्धी भाकरी ठेवलीत. मी म्हटलं, 'बरं वाटत न्हाई का?' तुम्ही म्हणालात, 'छे, एक नंबर चाललंय.' आणि हसलात. ते हसू बघून मला राग आला. तुमच्यावर नाही, माझ्यावरही नाही, त्या भंडाऱ्यावर आला. चांगल्या नांदत्या माणसाला मी अंगठे धरून उभं केल्यासारखं झालं होतं. आणि तुम्ही तक्रार करत नव्हतात. माझ्यासाठी गप्प बसला होतात. तुम्ही गप्प! आता बायका मला विचारतात, त्यांनी तुमच्यावरचं प्रेम कधी बोलून दाखवलं का हो? मी काय सांगू? मला ती अर्धी राहिलेली भाकरी आठवते.

जेवून निघालो. जेठाराम म्हणाला, आता सरळ वाळूच्या टेकड्या, तिथं सूर्य मावळताना बघायचा, सगळी दुनिया त्याच्यासाठीच येते. आणि थोडं पुढं गेलो तर ती म्हातारी दिसली. लाल ओढणी, हातात चांदीची जाड कडी, डोक्यावर गाठोडं आणि काखेत शेळीचं करडू. गाडीचा आवाज ऐकून ती वळली, पण तिनं हात केला नाही. तिला माहीत होतं, टुरिस्टांच्या जीपा थांबत नसतात. ती नुसती कडेला सरकली. आपण तिच्या शेजारून धुरळा उडवत गेलो. मी आरशात बघितलं. तुम्ही डोळे मिटून घेतले होते.

'जेठाराम, थांब,' मी म्हटलं.

माईकवाल्यांनी हे ऐकलं असतं तर म्हणाले असते, पतीच्या सेवाभावाचा वसा पत्नीनं घेतला. कसला वसा! म्हातारीची दया आली म्हणून मी जीप थांबवली नाही. मला माझा नवरा परत पाहिजे होता. रिकाम्या जीपमध्ये जो बसला होता तो कुणी तरी भला, सज्जन, परका माणूस होता. त्याच्याशी मला काही बोलायचं नव्हतं.

जेठाराम म्हणाला, 'मॅडमजी, प्रायव्हेट बुकिंग है. और सनसेट छूट जाएगा.'

'छूटने दो. पीछे लो गाडी.'

मागून तुम्ही हळूच म्हणालात, 'सीमाची आई, आपलं ठरलंय.'

'ठरलंय ते मी मोडतीय. तुमचा भंडारा शाबूत हाय.'

क्षणभर तुम्हाला खरं वाटलं नाही. मग पत्र्यावर अशी थाप पडली की जेठाराम दचकला. आणि तुमचा आवाज! कितीतरी वर्षांनी तो आवाज ऐकला मी. 'आओ दादी, आओ, आओ! अपनीच गाडी है!' जीप मागं जाईपर्यंत तुम्ही मागून उडी टाकून खाली. गुडघ्यांचं काय झालं होतं तेव्हा कुणास ठाऊक.

म्हातारी आली आणि सरळ पुढच्या दाराशी आली. तिकडंही तीच रीत असणार, म्हातारं माणूस पुढं. माझं अंग सवयीचं. कुणी काही म्हणायच्या आत मी उठले, एक पाय बाहेर काढला. एवढ्या वर्षांत ते इतकं अंगात मुरलेलं की मी विचारसुद्धा केला नाही. आणि तुम्ही म्हणालात, 'वो नहीं दादी. वो शीट बुक है. हमारी मंडळी बैठी है उधर.'

मग माझ्याकडं वळून म्हणालात, 'तू बस. उतरायचं न्हाई.'

मला रडू आलं. वाऱ्याचं, वाळूचं कारण सांगत नाही. रडू आलं आणि मी रडले. जेठाराम घाबरून विचारायला लागला, 'मॅडमजी, तबीयत?' मी म्हटलं, 'तबीयत एकदम बढिया. चलाव.'

आणि मग काय, एकदा पत्रा वाजला की वाजला. पुढं एक बाई कडेवर लेकरू घेऊन, तिचा नवरा, त्याच्याकडं चाऱ्याचा भारा. मग शाळेचं दप्तर घेतलेल्या दोन मुली. 'सरको, सरको, पीछे बहोत जगा है,' तुमचं चालू. जागा कुठली, करडू तुमच्या मांडीवर होतं आणि त्यानं तुमची पांढरी पॅंट भिजवली होती. शेवटी तुम्ही नेहमीसारखे मागच्या पायरीवर उभे, एका हातानं दांडा धरून, पंचा वाऱ्यावर. जेठाराम आधी तोंड वाकडं करून होता. मग तोही हसायला लागला आणि म्हणाला, 'बाबूजी, आप तो हमारे ही आदमी निकले.'

मी पुढं बसले होते, भरलेल्या जीपमध्ये, पहिल्यांदा. आणि मागं तुम्ही काय बोलता ते मला पहिल्यांदाच ऐकू येत होतं. नाहीतर मी एक तर गाडीत नसायचे, नाहीतर पोत्यामागं दडपलेली असायचे. म्हातारीनं विचारलं, पुढं बसली ती घरवाली का? तुमचं हिंदी मला अजून पाठ आहे. 'हाँ दादी. अंगणवाडी की बाई है. पूरे गाव के बच्चे को उसने पहला अक्षर सिखाया. कलेक्टर भी बनेगा ना कोई, तो उसके हाथ के नीचे से गया रहेगा. घर में मैं कुछ नहीं, सब वोच है. पुरणपोळी ऐसी करती है, कागद के माफिक. लेकिन छिपकली से बहोत डरती है.'

म्हातारीला पुरणपोळी कळली नाही, पण पाल बरोबर कळली. ती हसली, शाळेच्या पोरी हसल्या. मी मागं न बघता आरशात बघत होते. माझ्या तोंडावर तुम्ही कधी म्हणाला नव्हतात की पोळी चांगली झाली. 'मीठ कमी हाय' एवढंच ऐकलेलं. आणि इथं एका अनोळखी म्हातारीला तुम्ही माझं सगळं सांगत होतात, असं घडाघडा, की हे काही पहिल्यांदा सांगत नाही हे उघड कळत होतं.

तेव्हा नुसता अंदाज होता. आता खात्री झाली. तुम्ही गेल्यापासून रोज माणसं भेटायला येतात. मी ज्यांना ओळखत नाही अशी माणसं. केडगावच्या एक बाई आल्या, खाली बसायच्या आधी म्हणाल्या, 'तुम्हीच का त्या, पालीला भिणाऱ्या?' कुरकुंभला कंपनीत असलेला एक परप्रांतीय पोरगा आला, त्याचं नाव मला अजून माहीत नाही. तो म्हणाला, 'चाचा बोलते थे, हमारी मंडळी ने सिखाया वो बच्चा आज इंजिनियर है.' एक दूधवाला म्हणाला, 'वैनी, तुमच्या बाळंतपणाला आप्पांनी शिरूरला गाडी किती पळवली ते आम्हाला पाठ हाय.' मला तुमच्या जीपमध्ये जागा नव्हती असं मी जन्मभर म्हणत आले. आणि तुम्ही तर मला रोज शिरूर ते चौफुला आणि चौफुला ते शिरूर नेत होतात. एवढी माणसं मला ओळखतात आणि मला पत्ता नाही. हे भांडण मी हरले, घ्या.

म्हातारीची वस्ती आली, पण तिनं आपल्याला तसंच जाऊ दिलं नाही. चहा झाला, शेळीच्या दुधाचा. तुम्ही तिची करडं बघितलीत, एकाचा पाय दाबून बघितलात, तिच्या मुलाशी पावसापाण्याचं बोललात. जेठाराम सारखा घड्याळ बघत होता. शेवटी टेकड्यांपाशी पोचलो तेव्हा सूर्य बुडालेला. लोक परत निघाले होते, उंट परत निघाले होते, गाड्यांची रांग उलट्या दिशेनं. जेठाराम माझी माफी मागायला लागला. मी म्हटलं, 'अरे बाबा, सूर्य काय, न्हावऱ्यालाही मावळतो.'

आपण दोघं वाळू चढून वर गेलो. तुम्ही दोनदा थांबलात, मी तीनदा. वर कुणीच नव्हतं. मला जे पाहिजे होतं ते आता फुकट मिळालं होतं आणि गंमत म्हणजे मी ते मागत नव्हते. वरची वाळू गार पडायला लागली होती, हात आत खुपसला की ऊब लागायची. तुम्ही बूट काढून त्यातली वाळू झटकलीत. बराच वेळ बोलला नाहीत, पण हे गप्प बसणं सकाळच्यासारखं नव्हतं. मला त्यात काही टोचत नव्हतं.

मग तुम्ही विचारलंत. माझ्याकडं न बघता, बुटाची नाडी बांधत.

'मला दिल्याचं तुला कधी वाईट वाटतं का गं?'

मी काय म्हटलं? 'उठा आता, वाळू गार पडली, कंबर धरंल.' एवढंच म्हटलं. तुम्ही 'व्हय व्हय' म्हणत उठलात. हात दिलात आणि आपण खाली आलो. पुन्हा तुम्ही विचारलं नाही. घरी आलो, दिवाळी झाली, ऊस तुटून गेला, आणि एका सकाळी तुम्ही चहाचा कप ठेवलात तो ठेवलातच. मला वाटायचं, सांगू कधीतरी. कुठं पळून चाललंय?

तर ऐका. वाटायचं. लग्नाच्या दिवशी पायाखाली कांदे होते तेव्हा वाटलं. चौकात उतरवलंत तेव्हा फार वाटलं, मागच्या गाडीत मी तोंड झाकून रडले होते. सीमा तापानं फणफणलेली असताना तुम्ही कुणाचं तरी वऱ्हाड पोचवायला गेलात, त्या रात्री तर माहेरी जायची पिशवी भरली होती. हे सगळं खरं आहे आणि ते मी मागं घेत नाही. पण दुसरा कुणी माणूस मला चालला नसता. एक दिवस चालवून बघितला मी, त्या जीपमध्ये, अर्धा दिवससुद्धा निभावला नाही. माझ्या बापानं मला तुम्हाला दिलं ते लई बरं केलं. मी सुखात राहिले, अहो. गर्दीत राहिले, पण सुखात राहिले.

हे तुम्हाला तिथंच सांगितलं असतं, पण तुमचा स्वभाव मला माहीत होता. तुम्ही ते दुसऱ्या दिवशी चौफुल्याच्या स्टँडवर प्रत्येक शिटेला सांगत बसला असतात. मला रस्त्यानं मान वर करून चालता आलं नसतं. म्हणून राहून गेलं.

आता सांगा. जे कुणी शेजारी बसलं असेल, त्याला खुशाल सांगा.